पिल्लाला लसीनंतर तोंडाला सूज आली. पुढचा डोस द्यावा का?

पोफळीबाग (९ जून, रात्री ९.४०)

सर्वांना नमस्कार. आम्ही गोव्यात सावईवेऱ्याला राहतो. एप्रिलमध्ये आमच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतल्या, पंपाच्या खोलीमागे एका गावठी कुत्रीने चार पिल्ले घातली. त्यांपैकी एक पिल्लू आम्ही घरात घेतले. तिचे नाव मिरी. परवा, म्हणजे ७ तारखेला, ती आठ आठवड्यांची झाली तेव्हा तिला पहिली लस दिली. त्या दिवशी तिचे वजन २ किलो ६०० ग्रॅम भरले.

लस संध्याकाळी साडेपाचला दिली आणि सव्वासहाला आम्ही घरी पोहोचलो. वीसेक मिनिटांत तिने एकदा उलटी केली, थोड्या वेळाने पुन्हा केली. सातच्या सुमारास ती ओसरीच्या पायरीवर तोंड घासू लागली. दिव्याखाली धरून पाहिले तर डोळ्यांच्या वरचा भाग फुगून डोळे अर्धे मिटले होते, नाकाड जाड झाले होते आणि पोटाच्या उघड्या कातडीवर लाल मुंग्या चावल्यासारख्या गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी क्षणाचाही विलंब न करता परत बोलावले आणि दोन इंजेक्शने दिली. मध्यरात्रीपर्यंत सूज उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूधभात खाल्ला आणि सासूबाईंची चप्पल पळवली.

पुढचा डोस चार आठवड्यांनी आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की ज्या सुईने लेकरू मरता मरता वाचले, ती सुई पुन्हा टोचण्याचा अधिकार आपल्याला नाही. पती म्हणतात की डॉक्टर सांगतील ते करावे. माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. ज्यांच्या पिल्लांना असा त्रास झाला आहे, त्यांनी पुढे काय केले, हे कृपया सांगावे.

शेवंती_कुडणे (९ जून, रात्री १०.०५)

ताई, मिरी बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. एक विनंती आहे. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टर लसीच्या कुपीचे लेबल चिकटवतात. त्यावर किती रोगांची नावे आहेत ते पाहून इथे लिहाल का? सांगणाऱ्यांना त्यावरून सोपे जाईल.

पोफळीबाग (९ जून, रात्री १०.३०)

कार्डावर दोन लेबले आहेत. एकावर डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस, पार्व्हो आणि पॅराइन्फ्लुएन्झा अशी नावे आहेत, दुसऱ्यावर लेप्टोस्पायरा आहे. डॉक्टरांनी पहिल्या कुपीतली पांढरी वडी दुसऱ्या कुपीतल्या पाण्यासारख्या औषधात विरघळवून एकच इंजेक्शन दिले होते.

निवृत्त_पशुवैद्य (१० जून, सकाळी ६.५०)

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो असून हल्ली घरीच असतो. मिरीला मी पाहिलेले नाही, त्यामुळे निर्णय तिला पाहणाऱ्या डॉक्टरांचाच असावा. मात्र जे घडले ते समजून घ्यायला मदत व्हावी म्हणून लिहितो.

लसीनंतर दिसणाऱ्या त्रासाचे दोन वेगळे प्रकार असतात आणि घरची माणसे त्यांची गल्लत करतात. पहिला प्रकार सामान्य. पिल्लू दिवसभर झोपून राहते, जेवण अर्धे टाकते, अंग थोडे गरम लागते, टोचलेल्या जागी हात लावला तर कळवळते, आणि हे सगळे एक-दोन दिवसांत ओसरते. शरीर लसीची दखल घेत असल्याची ती खूण आहे. जागेवर वाटाण्याएवढी गाठ येऊन दोन-तीन आठवडे राहू शकते, आणि ती दाबू किंवा चोळू नये.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. तो बहुधा काही मिनिटांत किंवा पहिल्या काही तासांत दिसतो: तोंडावर सूज, अंगावर पित्त उठणे, खाज, उलट्या, जुलाब. अगदी गंभीर झाला तर हिरड्या पांढुरक्या पडतात, पिल्लू लटपटते, श्वास लागतो आणि ते कोसळते. मिरीला झाले ते या दुसऱ्या प्रकारातले होते, सुदैवाने ते सुजेवर आणि उलट्यांवर थांबले. आपण वाट पाहत बसला नाहीत, हे सर्वांत योग्य केले. उलटी, सूज किंवा अशक्तपणा पहिल्या काही तासांत दिसल्यास "सकाळी बघू" असे कधीही म्हणू नये. आणखी एक सांगतो. माणसांच्या कपाटातली तापाची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या दोन्हींनी पिल्लांचा जीव गेलेला मी पाहिला आहे.

आता पुढच्या डोसबद्दल. आठव्या आठवड्याच्या एका डोसावर थांबलो तर पिल्लू सुरक्षित झाले असे धरता येत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात उतरतात. ती रोगाशी लढतात, पण लसीतल्या विषाणूलाही ओळखून निकामी करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. कुणात आठव्या आठवड्यात, कुणात चौदाव्या आठवड्यात. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा सोळा आठवडे पुरे झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा, असा नियम आहे. लोक समजतात की पहिला डोस खरा आणि बाकीचे नुसते जोर वाढवणारे. प्रत्यक्षात सोळाव्या आठवड्याचा डोस चुकला तर आधीचे सगळे वाया गेलेले असू शकतात.

ज्या पिल्लाला असा त्रास झाला आहे त्याच्यासाठी डॉक्टरांकडे मार्ग असतात. लेप्टोची, म्हणजे दुसऱ्या लेबलावरच्या लेप्टोस्पायराची, लस त्या दिवशी न देता वेगळ्या दिवशी देता येते. दुसऱ्या कंपनीची लस वापरता येते. आधी ॲलर्जीविरोधी औषध देता येते. दवाखाना उघडताच सकाळी लस देऊन दोन-तीन तास तिथेच बसवून ठेवता येते. यांपैकी काय करायचे, ते मिरीचे कार्ड पाहून त्यांना ठरवू द्या. पण कार्डावर लाल शाईने "लसीनंतर ॲलर्जी" असे, तारीख आणि बॅच क्रमांकासह, आजच लिहून घ्या. डॉक्टरांना ते कंपनीलाही कळवायला सांगा.

बार्देशकर (१० जून, दुपारी १.१५)

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी नाण्याची दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी सोसली आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही लॅब्रॅडॉरचे सात आठवड्यांचे पिल्लू आणले. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला लस दिली. तोवर ते अंगणभर धावत होते. चौथ्या दिवशी ते जेवेना, पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, सातव्या दिवशी ते माझ्या मुलीच्या मांडीवर गेले. लसीआधी निरोगी असलेले पिल्लू लसीनंतर आठवड्यात गेले, यापलीकडे मला काही समजून घ्यायचे नाही. त्या वेळी लस देणाऱ्याने त्याचा ताप मोजला नाही, कुठून आणले हे विचारले नाही, दोन मिनिटांत सुई टोचून पैसे घेतले. पोफळीबाग ताईंना माझा सल्ला एवढाच की मिरीला एकदा इशारा मिळाला आहे, दुसऱ्याची वाट पाहू नका.

निवृत्त_पशुवैद्य (१० जून, सायंकाळी ५.३०)

बार्देशकर, आपल्या लेकीच्या मांडीवर पिल्लू गेले, हे वाचून फार वाईट वाटले. आपण जे वर्णन केले आहे ते पार्व्होच्या आजाराचे आहे. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी अधिकही. आपल्याकडे आले तेव्हा ते पिल्लू बहुधा आधीच्या जागीच बाधित झालेले होते. लसीला काम करायला दिवस लागतात, आणि तिच्याआधी घरात शिरलेल्या रोगाला ती गाठू शकत नाही. पण आपली एक तक्रार शंभर टक्के खरी आहे. नुकत्याच जागा बदललेल्या पिल्लाला तपासल्याशिवाय, ताप मोजल्याशिवाय लस देऊ नये. निरोगी पिल्लाचा ताप १०१ ते १०२.५ फॅरेनहाइटच्या दरम्यान असतो, आणि थर्मामीटर लावायला एक मिनिट लागतो. ते मिनिट आपल्याला कोणी दिले नाही.

बार्देशकर (१० जून, रात्री ८.१०)

हे मला तीन वर्षांत कोणीही समजावून सांगितले नव्हते. तरीही माझे मत पूर्णपणे बदलले असे म्हणणार नाही. ज्याने सांगायला हवे होते त्याने तोंड उघडले नाही, म्हणून माणसे लसीवर राग काढतात, हेही डॉक्टर लोकांनी ध्यानात घ्यावे.

म्हादईकाठ (११ जून, सकाळी ७.२०)

आम्ही सत्तरी तालुक्यातले. आमच्याकडे काजूच्या बागा, पाटाचे पाणी, शेतात उंदीर. लेप्टोची लस वेगळ्या दिवशी द्यावी हे मला पटते, पण ती टाळावी असा अर्थ कुणी काढू नये. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून हे जंतू पावसाळी पाण्यात आणि ओल्या मातीत उतरतात. आमच्या मोती कुत्र्याला दोन वर्षांमागे जुलैमध्ये कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी चहासारखी. मूत्रपिंडाला इजा झाल्याचे तपासणीत कळले. तो वाचला, पण घरातल्या सगळ्यांना महिनाभर धास्ती होती, कारण हा आजार त्याच्या लघवीतून आपल्यालाही होतो. हातमोजे घालून त्याची जागा धुणे काय असते, ते मी करून बसलो आहे. ही लस जंतूच्या ठराविक प्रकारांपुरतीच चालते आणि दर वर्षी द्यावी लागते, हेही खरे. तरी गोव्याच्या पावसात मी ती सोडणार नाही. ताई, मिरीला लेप्टोची लस मिळेपर्यंत तिला कुळागरातल्या साचलेल्या पाण्याकडे जाऊ देऊ नका आणि तिचे पाण्याचे भांडे रात्री बाहेर ठेवू नका.

मळ्यातली_वाट (११ जून, सकाळी ११.००)

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, वाड्यावर कुत्रा चावला की माणसाला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती रेबीजची लस डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला तयार केली होती. ती मेंढ्यांच्या मेंदूच्या उतीपासून बनत असे, आणि तिच्यामुळे काही माणसांना अर्धांगासारखे मज्जातंतूंचे विकार होत, हे सत्य आहे. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना झालेले मी पाहिले आहे. भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली आणि आज दिली जाणारी लस पेशींवर वाढवलेल्या, निष्क्रिय केलेल्या विषाणूची असते. घरातल्या वडीलधाऱ्यांची लसीबद्दलची भीती पुष्कळदा त्या चौदा सुयांमधून आलेली असते. पोफळीबागताई, सासूबाईंशी बोलताना हे एकदा विचारून पाहा. त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नसेल, त्यांनी काहीतरी पाहिले असेल.

काणकोणची_सांज (११ जून, दुपारी ४.२५)

सगळ्यांच्याच जिभेवरचा प्रश्न विचारते. होमिओपॅथीत पार्व्हो आणि डिस्टेंपरसाठी गोळ्या मिळतात, ज्यांना नोसोड म्हणतात. आमच्या ओळखीच्या घरी कुत्र्यांना त्याच देतात आणि दुष्परिणाम शून्य. मिरीसाठी हा मार्ग का नको?

निवृत्त_पशुवैद्य (११ जून, सायंकाळी ६.००)

दुष्परिणाम शून्य असतो, कारण परिणामही शून्य असतो. नोसोड दिलेल्या पिल्लांना पार्व्होपासून संरक्षण मिळत नाही. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या लसीकरणविषयक मार्गदर्शिकेतही त्यांचा वापर करू नये असेच म्हटले आहे. त्या ओळखीच्या घरची कुत्री आजवर विषाणूच्या वाटेत आलेली नसतील, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आकडेमोड_पर्वरी (१२ जून, सकाळी ९.४५)

भावना दोन्ही बाजूंनी खऱ्या आहेत, म्हणून प्रमाण किती हे पाहू. २००५ साली अमेरिकेतील पशुवैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लस दिल्यापासून तीन दिवसांत काहीही त्रास नोंदला गेलेल्या कुत्र्यांचे प्रमाण दर १० हजार कुत्र्यांमागे ३८.२ निघाले, म्हणजे हजारात चारही नाहीत, आणि त्यातही बहुतेक किरकोळ. त्यात दोन गोष्टी अशा होत्या ज्या मिरीसाठी महत्त्वाच्या वाटतात. एक, लहान चणीच्या कुत्र्यांत त्रासाचे प्रमाण अधिक होते, आणि १० किलोपर्यंतच्या कुत्र्यांत एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लसीमागे धोका सुमारे २७ टक्क्यांनी वाढत होता. वर डॉक्टरसाहेबांनी लेप्टो वेगळी द्यायला सुचवले, त्याला हा आधार आहे. दुसरी, दोन ते नऊ महिन्यांच्या पिल्लांपेक्षा एक ते तीन वर्षांच्या कुत्र्यांत त्रास अधिक आढळला. पिल्लू नाजूक म्हणून लस त्याला अधिक बाधते, ही समजूत त्या आकड्यांत दिसत नाही.

याच्या शेजारी पार्व्होचे प्रमाण ठेवून पाहावे. हा आजार १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. उपचार न मिळालेल्या पिल्लांपैकी बहुसंख्य दगावतात. मी या दोन पारड्यांकडे पाहतो, तेव्हा कोणते जड आहे याबद्दल माझ्या मनात संशय उरत नाही.

औषधभांडार (१२ जून, दुपारी २.३०)

मी औषध वितरणाच्या व्यवसायात आहे. लसीने त्रास होईल का, हे सगळे विचारतात. लस जिवंत आहे का, हे कोणी विचारत नाही. या लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच ठेवाव्या लागतात. आपल्याकडे जूनमध्ये वाऱ्याने माडाची झावळी तारेवर पडली की चार-चार तास वीज नसते. फ्रिज तापला तर कुपीतला दुर्बल केलेला जिवंत विषाणू मरतो, आणि ती लस टोचली तरी काम करत नाही. उलट कुणी बर्फाला चिकटवून ठेवली आणि गोठली तर निष्क्रिय केलेल्या जंतूंच्या लसी बिघडतात. त्यामुळे दवाखान्याच्या फ्रिजवर थर्मामीटर आणि इन्व्हर्टर आहे का हे विचारायला संकोच करू नका. पांढरी वडी आपल्यासमोर विरघळवावी आणि लगेच टोचावी. सकाळी विरघळवून ठेवलेली कुपी दुपारी वापरू देऊ नका. अंकल, आंटी, कुणीही असोत, लस स्वतः विकत घेऊन स्कूटरच्या डिकीतून नेऊ नका.

शेवंती_कुडणे (१२ जून, रात्री ८.५०)

आमच्याकडे "पिल्लू लहान आहे, अर्धा डोस दिला" असे सांगणारे डॉक्टर होते. ते बरोबर आहे का?

निवृत्त_पशुवैद्य (१३ जून, सकाळी ७.१०)

नाही. दोन किलोच्या पिल्लालाही आणि चाळीस किलोच्या कुत्र्यालाही ठरलेली पूर्ण मात्राच द्यायची. लसीचे काम वजनावर नसते. शरीराला विषाणूची ओळख पटायला जेवढे लागते तेवढे द्यावेच लागते. अर्ध्याने ॲलर्जी टळेल याचीही हमी नाही.

रस्त्यावरचे_सखे (१३ जून, सकाळी १०.३०)

मी म्हापशात वीसेक रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज जेवण घालते. या चर्चेत रेबीज मागे पडले आहे. २०१४ पासून गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची पथके जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरतात, दर वर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचतात आणि डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात. सरकारच्या सहकार्याने चाललेल्या या कामामुळे २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मी त्या पट्टेवाल्या कुत्र्यांना दुसऱ्या दिवशी पाहते. एखादे दिवसभर पेंगुळलेले असते, एखाद्याचा मागचा पाय आखडलेला असतो, संध्याकाळी ते भाताच्या भांड्याशी हजर असते. इतक्या वर्षांत लसीने दगावलेले एकही मी पाहिले नाही. रेबीज झालेले मात्र पाहिले आहे, २०१५ मध्ये, बाजाराच्या मागे. जबडा लोंबत होता आणि पाणी पिता येत नव्हते. त्यानंतर काही करता येत नाही, माणसालाही नाही आणि कुत्र्यालाही नाही.

म्हणून ताई, मिरीची बारा आठवड्यांनंतरची रेबीजची लस कोणत्याही कारणाने सोडू नका. आणि घरात कुणाला पिल्लाचा दात लागला तर, ते कितीही लहान असले तरी, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून आरोग्य केंद्रात जा.

दक्षिणायन (१३ जून, दुपारी ३.००)

रेबीजच्या लसीचा एक उशिरा दिसणारा परिणाम सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. आमच्या मडगावच्या घरी पूडल जातीची कुत्री आहे. लस दिल्यावर अडीच महिन्यांनी टोचलेल्या जागी रुपयाएवढा भाग टक्कल पडल्यासारखा झाला, कातडी काळपट आणि गुळगुळीत. आम्ही बुरशी समजून मलम लावत राहिलो. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले की लहान, मऊ केसांच्या जातींत रेबीजच्या लसीनंतर तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना सूज येऊन असे होते. तिला त्याचा त्रास काही नाही. पुढची लस आम्ही दुसऱ्या बाजूला देतो आणि लिहून ठेवतो. लस थांबवली नाही.

निवृत्त_पशुवैद्य (१३ जून, रात्री ९.००)

दक्षिणायन यांनी अचूक सांगितले. उशिराच्या परिणामांबद्दल आम्ही डॉक्टर लोक पुरेसे बोलत नाही. स्वतःच्याच रक्तपेशींवर शरीराने हल्ला करण्याचे आजार लसीनंतर काही आठवड्यांत दिसल्याच्या नोंदी आहेत. त्यांचा लसीशी संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. असे झाले तर ते फार क्वचित होते.

आणि लसशास्त्राने आपल्या चुका सुधारलेल्याही आहेत. कावीळ करणाऱ्या ॲडिनोव्हायरसची जुनी लस त्याच विषाणूची होती. ती दिल्यावर काही कुत्र्यांचे बुबुळ निळसर धूसर होत असे. नंतर त्याच्या चुलत भावाचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ॲडिनोव्हायरसचा, वापर सुरू झाला. तो दोन्हींपासून संरक्षण देतो आणि डोळा निळा करत नाही. तुमच्या कार्डावर ॲडिनोव्हायरसपुढे २ हा आकडा असेल, तो यासाठी. त्रास लोकांनी लिहून कळवला म्हणून हे बदलले. ताईंना बॅच क्रमांक लिहायला सांगितले त्यामागे हेच कारण होते.

पोफळीबाग (६ जुलै, सकाळी ८.१५)

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. काल मिरीला दुसरा डोस दिला. ती आता बारा आठवड्यांची आहे आणि ४ किलो ९०० ग्रॅम झाली आहे.

सासूबाईंना मी मळ्यातली_वाट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांच्या थोरल्या भावाला ती चौदा इंजेक्शने दिली होती, आणि नवव्या सुईनंतर तो महिनाभर अंथरुणातून उठला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. काल त्या स्वतः दवाखान्यात आल्या.

डॉक्टरांनी सकाळी नऊला बोलावले. आधी ताप मोजला, १०१.४ होता. हिरड्या पाहिल्या. ॲलर्जीविरोधी इंजेक्शन देऊन अर्धा तास थांबवले. मग दुसऱ्या कंपनीची लस, लेप्टो वगळून, डाव्या बाजूला दिली. वडी आमच्यासमोर विरघळवली. टेबलावर आधीच एक सिरिंज भरून ठेवली होती. ती कशाला, असे विचारल्यावर म्हणाले की ॲलर्जी गंभीर झालीच तर द्यायचे ॲड्रेनॅलिन आहे, लागले नाही तर फेकून देऊ. आम्ही बाकावर बसलो. सासूबाई दर दहा मिनिटांनी मिरीचा ओठ वर करून हिरडी दाबायच्या. बोट उचलल्यावर पांढरा डाग पुन्हा गुलाबी होईपर्यंत मोजायच्या. डॉक्टरांनीच शिकवले होते की दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाले पाहिजे. साडेबाराला घरी पाठवले.

सूज आली नाही. उलटी झाली नाही. दुपारभर झोपली, संध्याकाळी अर्धेच जेवली. आज टोचल्या जागी चण्याएवढी गाठ हाताला लागते. रेबीजची लस दोन आठवड्यांनी, १९ तारखेला, आणि तिसरा डोस सोळा आठवडे झाल्यावर २ ऑगस्टला ठरला आहे. लेप्टोची लस त्यानंतर वेगळी देऊ म्हणाले. म्हादईकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे पाटाच्या बाजूला आम्ही बांबूचे कुंपण घातले आहे.

म्हादईकाठ (६ जुलै, सकाळी ८.४०)

कुंपणाच्या खालून पिल्ले जातात. खाली दोन चिऱ्यांची रांग लावा.

काणकोणची_सांज (६ जुलै, सकाळी ११.२०)

फार आनंद झाला. माझ्या प्रश्नाला मिळालेले उत्तर मी ओळखीच्या घरी वाचून दाखवले. त्यांच्या दोन कुत्र्यांपैकी एकाला काल लस दिली, दुसऱ्यासाठी ते अजून तयार नाहीत. मी पाठपुरावा करीन.

बार्देशकर (७ जुलै, रात्री ९.३०)

पोफळीबाग ताई, मिरीची बातमी वाचून समाधान वाटले. तुमच्या डॉक्टरांनी जे केले, त्यातले चार आणेही माझ्या वाट्याला आले नव्हते, आणि ती सल जाणार नाही. तरी एक विचारतो. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गणेश चतुर्थीनंतर पुन्हा पिल्लू आणावे असा तिचा हट्ट आहे, आणि मीही आता नाही म्हणत नाही. आधीचे पिल्लू ज्या अंगणात आजारी पडले, त्याच अंगणात नवे आणायला हरकत आहे का? अंगण मातीचे आहे, कडेला तुळस आणि जास्वंद आहे. घरातली लादी आम्ही तेव्हाच फिनेलने धुतली होती.

निवृत्त_पशुवैद्य (८ जुलै, सकाळी ६.३०)

पार्व्होचा विषाणू मातीत, सावलीच्या ओलसर जागी, महिनोन्महिने, वर्षभरही टिकतो. तीन वर्षे होऊन गेली आहेत, त्यामुळे जुन्या विषाणूची चिंता आता करू नका. मधल्या काळात एखादे बाहेरचे आजारी कुत्रे अंगणात येऊन गेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फिनेलने हा विषाणू मरत नाही. लादीसाठी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण करून, लादी आधी साबणाने स्वच्छ धुवून, त्यावर दहा मिनिटे राहू द्यावे. मातीवर ब्लीचचा उपयोग होत नाही, मातीतच ते निकामी होते. जास्वंदीच्या मुळांशीही ओतू नका.

पिल्लू आणाल तेव्हा ते कुठून येते, त्याच्या आईला लसी दिल्या होत्या का आणि त्याच्या भावंडांपैकी कोणी आजारी आहे का, हे आधी विचारा. आणल्यावर काही दिवस घरात स्थिरावू द्या, मग तपासून लस द्या. सोळा आठवड्यांचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत त्याला घराच्या ओसरीतच ठेवा आणि लसी झालेल्या निरोगी कुत्र्यांशीच खेळू द्या. मुलीला थर्मामीटर लावायला आणि हिरडी दाबून मोजायला शिकवायचे असेल, तर पोफळीबाग यांच्या सासूबाईंना आधी विचारा, आणि मग मला कळवा, मी म्हापशाला येतो.